घुबडाचा कैवार

श्री. योसेफ गायकवाड मास्तर साठ वर्षांचे झाले म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र समितीतली काही नावे वाचून डोके तापले, तेही लपवत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी शिरूरच्या मिशन शाळेत चित्रकला शिकवायला रुजू झालो. विज्ञानाच्या खोलीत मास्तर वर्तमानपत्रावर काळे, केसाळ गोळे मांडून बसले होते. “या, बसा. चिमटा धरता येतो ना?” एवढीच आमची ओळख. गोळे घुबडाने ओकलेले आहेत, हे चिमटा हातात घेतल्यावर कळले. मास्तर मुलांना विचारीत, उंदरीण सारखी वीत असते, मग सगळा तालुका उंदरांनी का भरत नाही? उत्तरही मुलांकडूनच काढून घेत: अन्न संपते, बिळाला जागा उरत नाही, रोग येतो, नाहीतर कोणीतरी खाते.

शाळेला लागून शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचे धान्य-बियाण्याचे गोदाम होते. त्याच्या झरोक्यात गव्हाणी घुबडांचे जोडपे राही आणि हे गोळे खाली पोत्यांवर पडत. त्यांत उंदरांची हाडे दिसली, तेव्हा सोसायटीच्या पंचमंडळींनी शोध लावला की उंदीर घुबडेच आणतात.

“घुबड हितं बसतंय, म्हनून तर उंदरं येत्यात,” चेअरमन आप्पा म्हणाले. “आधीच अशुभ, वर ही घाण.”

मास्तरांनी त्यांच्यासमोर एक गोळा फोडला. चार कवट्या निघाल्या. “आप्पा, हे आणलेले नाहीत, खाल्लेले आहेत. उंदरांना अन्न तुम्ही पोत्यांनी दिलंत, जागा पक्की बांधून दिलीत. एक शत्रू उरलाय, तोही घालवताय?”

“किरिस्तावाला शुभ-अशुभ काय कळनार?” मागून कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. ते हसणे आठवले की आजही अंगाची आग होते.

झरोका विटांनी बुजवला. ‘मास्तर मुलांच्या डोक्यात भलतेसलते भरवतात’ असा अर्ज संस्थेकडे गेला आणि त्यांची दौंडला बदली झाली. पुढच्या पेरणीला गोदाम उघडले, तर ज्वारीच्या बियाण्याचा भुसा झालेला. अर्जदारांपैकी एकालाही लाज वाटली नाही.

ते ऐकून मास्तर सुट्टी काढून दौंडहून आले आणि आठवडाभर त्याच गोदामात बिळे लिंपत बसले. त्या अर्जावर माझीही सही होती. नोकरी नवी होती, एवढेच कारण. मास्तरांना ते ठाऊक होते. मला दारात पाहून म्हणाले, “या. थापी धरता येते ना?”

आता तेच आप्पा मास्तरांना शाल पांघरवणार आहेत, आणि झरोका अजून बुजलेलाच आहे. समितीने शाल राहू द्यावी, आधी विटा काढाव्यात. मास्तरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि संध्याकाळी त्या झरोक्यातून घुबड बाहेर पडताना पाहायला त्यांची नजर शाबूत राहो. पहार माझ्या हातात द्या.