डोंगरकड्याच्या काकूंसाठी केलेला मीटर

हिंगोलीत माझं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला डोंगरकड्याचे एक शेतकरी काका आले. काकूंची फुप्फुसं कमजोर झाली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं आणि लाइट गेली की ते इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालायचं.

"बॅटरीच्या मीटरचा काटा अर्ध्यावर व्हता अन् मशीन एकदम बंद पडलं," काका म्हणाले. "जीप भेटेपस्तोर तिचे ओठ निळे पडले. तवापासून मी कुठं जात न्हाई. काट्याकडंच पाहत बसतो."

तो मीटर नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज सांगत होता. खरं कळायला बॅटरीतून किती करंट गेला आणि किती परत भरला, हे मोजत राहावं लागतं. त्यासाठी शंट बसवतात. शंट म्हणजे ठरावीक रोधाची धातूची पट्टी. सगळा करंट तिच्यातून जातो आणि तिच्या टोकांमधल्या किंचित व्होल्टेजवरून तो मोजता येतो. अशा मीटरचा सर्किट बोर्ड मीच आखायला घेतला.

पहिला बोर्ड सुरुवातीला बरोबर चालला, पण भार तसाच ठेवला तरी करंटचा आकडा वर सरकू लागला. हात लावून पाहिला, तर शंटकडे जाणारी बोर्डावरची तांब्याची रेघ, म्हणजे ट्रॅक, चटका देत होती. मोजणी त्या ट्रॅकवरून घेतल्यामुळे तांब्याचा रोधही त्यात धरला जात होता, आणि तांबं तापलं की रोध वाढतो. दुसऱ्या बोर्डावर ट्रॅक चांगले रुंद केले, वर सोल्डरचा जाड थर चढवला आणि मोजणीचे दोन बारीक ट्रॅक थेट शंटच्या टोकांपासून काढले. आकडा हलायचा थांबला.

मीटर बसवला त्या दिवशी लाइट होती. मशीन लाइटवर ठेवलं आणि मीटर खरा सांगतो का ते पाहायला इन्व्हर्टरवर बल्ब लावून बॅटरी उतरेपर्यंत काकूंच्या खाटेशी बसून राहिलो.

"तुमच्या घरी वाट पाहत असतील," काकू नळीतून श्वास घेत म्हणाल्या. "आता जेवूनच जा."

मीटर शून्याला टेकला आणि त्याच क्षणी इन्व्हर्टर शिटी देऊन बंद झाला. काकांनी माझा हात धरला.

पुढं एका दुपारी ते दुकानात आले. मी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई. लाइट गेली हाय, पण मीटर संध्याकाळपस्तोर चालंल म्हणतो. सून हाय तिच्यापाशी. तुमची काकूच म्हणली, काहून बसून राहिले घरात, जा, खरबूज घेऊन या."

चहा सावकाश पिऊन ते बाजाराकडे गेले.