समोरच्या काठावर शत्रू नव्हता

तक्रारदार मी स्वतः, वय चाळिशीच्या पुढे, धंदा अर्ज लिहिणे, राहणार चिंचवड. प्रतिपक्ष, आमच्या वस्तीच्या झेंडावंदन कमिटीचे अध्यक्ष, धंदा पिठाची गिरणी, आणि त्याच कमिटीचे चिटणीस, धंदा शाळामास्तर. घटनेची तारीख पंधरा ऑगस्ट. साल मुद्दाम लिहीत नाही. देश स्वतंत्र होऊन काही वर्षे झाली होती आणि पिंपरीच्या माळावर निर्वासितांची वसाहत उभी राहिली होती, एवढे पुरे. स्थळ मराठी शाळेचा व्हरांडा. साक्षीदार पहिली माझी पत्नी, दुसरी माझी थोरली बहीण, तिसरा गावचा कुंभार, जो दोन्ही बाजूंना ओळखतो व दोन्ही बाजूंना माल विकतो. नावे मी कोणाचीच देत नाही. वीस वर्षे लोकांच्या अर्जांत नावे लिहून माझा असा अनुभव झाला आहे की, नाव दिसले की वाचणारा इसम त्याचे गाव, जात आणि सोयरे शोधू लागतो व मजकूर वाचायचा राहून जातो.

माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंत. सातवीच्या परीक्षेस बसलो नाही, त्याची कारणे निराळी असून त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. चाकणच्या बाजारदिवशी माझ्या पेटीपुढे जेवढी माणसे बसतात तेवढी मॅट्रिक झालेल्या अर्जनवीसापुढे बसत नाहीत, आणि कचेरीतले कारकून माझे अक्षर लांबून ओळखतात. हे बढाई म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहीत आहे.

मला लष्करी लॉऱ्या आणि नावा लहान मापात करण्याचा नाद आहे. त्यांना कोणी खेळणी म्हटलेले मी पूर्वी ऐकून घेतले नाही व पुढेही घेणार नाही. खेळण्यातले चाक हाताला येईल तेवढे असते. माझे चाक खऱ्या चाकाच्या मापाने असते. एका फुटाला पाव इंच हे माझे प्रमाण, आणि लॉरी असो, नाव असो की माणूस असो, ते मी कोणासाठी बदलत नाही. देहूरोडच्या रस्त्यावर चहाच्या दुकानाशी लष्कराच्या लॉऱ्या थांबत, तेथे मी सुतळीने मापे घेत असे. एकदा साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काय मास्तर, गाडीला सदरा शिवताय काय?" मी त्यास सांगितले की, सदरा नव्हे, गाडीचा पुरावा तयार करतो आहे. तो हसला, पण सुतळीचे दुसरे टोक त्यानेच धरले.

आता मूळ प्रकरण. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लष्करात हवालदार होते. नदीवर नावा जोडून तराफा करायचा आणि त्यावरून लॉऱ्या पैलतीरी न्यायच्या, हे त्यांच्या तुकडीचे काम. दापोडीच्या खालच्या अंगाला सराव चालू असता त्यांचा डावा पाय लॉरीच्या चाकाखाली गेला व घोट्याच्या वर कापावा लागला. लष्करातून सुटून ते आमच्या शेजारी राहू लागले आणि त्यांनी सायकल दुरुस्तीचे दुकान घातले. दाजी कधी कुरकुर करीत नसत. वस्तीतली रिकामी मंडळी मात्र म्हणत की, हवालदार नदीवर पाय धुवायला गेले आणि पाय तिथेच विसरून आले. दाजी तेही हसून घेत. मी हसून घेतले नाही.

दरवर्षी पंधरा ऑगस्टला शाळेपुढे झेंडा चढे आणि वस्तीतल्या जवानांना खुर्चीवर बसवून शाल व नारळ दिला जाई. असे तिघे होते, ब्रह्मदेशाकडे आणि मिसरात लढून आलेले. दाजींना कोणी बोलावले नाही. ते गर्दीत कुबडीवर उभे राहून टाळ्या वाजवीत, आणि टाळी वाजवताना कुबडी काखेतून निसटू नये म्हणून बहीण ती मागून धरून उभी राहत असे. हे दृश्य मी लागोपाठ दोन वर्षे पाहिले आणि कमिटीकडे रीतसर अर्ज केला. अध्यक्षांनी तोंडी उत्तर दिले की लढाईत जखमी होतो तो जवान, सरावात जखमी होतो तो नोकर. शिवाय नदीवर नक्की काय घडले हे कोणी पाहिले आहे, असेही ते म्हणाले.

सबब जे घडले ते पाहता येईल असे करून ठेवावे, असे मी ठरविले.

दाजींना मी एकेक गोष्ट विचारीत गेलो. आजवर त्यांनी ही हकिकत बहिणीलाही पुरती सांगितली नव्हती. माप विचारले की मात्र ते सांगत. तराफ्याला नावा किती, दोर कोठे बांधला होता, चिखल कोठपर्यंत होता. लॉरी तराफ्यावरून पैलतीरी उतरत होती. तिला वर ओढणारा पोलादी दोर काठावरच्या खुंटाला होता. दाजी मागच्या चाकाशी, कमरभर पाण्यात, लाकडी ठोकळा घेऊन. गाडी चढेल तसा चाकामागे ठोकळा सरकवायचा, म्हणजे ती मागे येत नाही. दोर सुटला तेव्हा ठोकळा चाकाखाली जायच्या आत चाक मागे आले.

"आणि समोर कोण होतं?" मी विचारले.

"एक बाई व्हती. धुणं धूत व्हती," दाजी म्हणाले. "मी चाकाखाली अडकलो, तोंडावरनं पानी चाललं. आमची मान्सं तराफ्यावर आन् अलीकडच्या काठाला. तीच पयली आली. गाडी उचलंपत्तोर माजी हनवटी धरून डोकं पान्यावर ठेवलं तिनं. वर आनि मला शिव्या देत व्हती, झोपू नको मेल्या म्हनून."

ती कोण, कोणत्या गावची, हे दाजींना पुढे कळले नाही. लुगडे निळे होते एवढे त्यांस आठवत होते.

चार महिने मी काम केले. लॉरीचा सांगाडा देवदारी खोक्याच्या फळीचा, पत्रा रॉकेलच्या डब्याचा, टायर दाजींच्याच दुकानातल्या फाटक्या ट्यूबचे. वरची ताडपत्री म्हणजे माझ्या जुन्या धोतराचा तुकडा चहात उकळलेला. पोलादी दोरासाठी छत्रीची तार फार जाड पडली, तेव्हा सतारीची तुटकी तार मागून आणली. नावा एकाला एक जोडून तराफा केला. चिखल खऱ्या नदीचा आणला, पण वाळल्यावर त्याला भेगा पडू लागल्या, म्हणून त्यात सरस आणि भुसा घातला. पाण्यासाठी राळ वितळवून ओतली. थंड झाल्यावर तिला असा गढूळ तांबूस रंग आला की श्रावणातली नदी वेगळी दाखवण्याची गरज उरली नाही. केरसुणीच्या हिरांचे लव्हाळे केले. दोर सुटण्याच्या अगदी आधीचा क्षण मी धरला होता. दाजी ठोकळा घेऊन वाकलेले, आणि पैलतीरावर पाण्याच्या कडेला ती बाई, निळे लुगडे खोचलेली, धुणे आपटण्याच्या बेतात.

हे सर्व ज्यावर उभे केले तो आमच्या घरचा पाट होता, शिसवी, पितळी फुल्यांचा. सणावाराला त्यावर दाजी बसत. पत्नीने तो दिला, परंतु एवढे विचारलेच की, दिवाळीला दाजी जेवायला आले म्हणजे त्यांना नदीत बसवायचे का.

कमिटीचे दोघेही घरी पाहण्यास आले. मास्तरांनी चष्मा काढून, पुन्हा लावून पाहिले. अध्यक्ष पाटाभोवती फिरले आणि म्हणाले की काम नंबरी आहे, झेंडावंदनाला व्हरांड्यात मांडू. मग त्यांनी पैलतीरावर बोट ठेवले.

"ह्या बाजूला शत्रू कुठं हाय?"

मी सांगितले की शत्रू नव्हता.

"आरं, शत्रू न्हाई तर लढाई कशी? आन् ही बाई काय करती हितं?"

"धुणे धुते."

"म्हंजे सरकारची फौज नदी वलांडून धुनं बगाय चालली व्हय?" मास्तर हसले. मग अध्यक्ष पाटाशेजारी बसले आणि आवाज खाली आणून समजुतीने बोलू लागले. बाई काढावी, तिथे चार शत्रू बंदुका घेऊन उभे करावेत. मग दाजींची हकिकत लोकांना सांगता येईल, आणि चौथी खुर्ची मांडून त्यांना शाल देण्यास कमिटीची हरकत राहणार नाही. कोणाचे काही जात नाही.

मी नकार दिला. पैलतीरावर कोण होते हे मी ठरविलेले नाही व कमिटीही ठरवू शकत नाही, असे मी त्यांस स्पष्ट शब्दांत सांगितले. अध्यक्ष उठताना म्हणाले की मग खुर्च्या तीनच.

दुसऱ्या दिवशी बहीण आली. तिला सर्व कळले होते. ती रडली नाही, भांडली. दोन वर्षे आपण मागे उभे राहून ती कुबडी धरतो, तेव्हा लोक काय बघतात ते तुला ठाऊक आहे का, असे तिने विचारले. मग म्हणाली, "तुझी चार मातीची बाहुली इकडची तिकडं झाली तर काय होईल? तुला तुझी नदी मोठी का माझा माणूस?" मी तिला म्हणालो की, तुझा माणूस मोठा आहे म्हणूनच. ती म्हणाली, हे वाक्य अर्जात लिही, मला सांगू नकोस. त्या दिवशी ती आमच्याकडे पाणीही न पिता गेली. माझा निर्णय बदलला नाही. तो आज विचाराल तरी तोच आहे.

चौदा तारखेस मी पाट व्हरांड्यात नेऊन ठेवला. पंधराला सकाळी पावसाची झिमझिम होती. आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्या चार होत्या, आणि दाजी चौथीवर बसविले गेले होते, अवघडून, कुबडी मांडीवर आडवी घेऊन. माझ्या पैलतीरावर चार शत्रू उभे होते. कुंभाराकडचे दिवाळीच्या किल्ल्याचे मावळे, वरून काळा रंग दिलेले. कुंभाराला मी नंतर विचारले तेव्हा तो म्हणाला, "साचा एकच हाय, भाऊ. ज्या रंगाचा मागाल त्या रंगाचा देतो." प्रत्येक शत्रू चार बोटे उंच होता. माझ्या प्रमाणाने ते बारा फुटी इसम होतात. लॉरी त्यांच्या खांद्याखाली आली होती. बाई नव्हती. सरसाने चिकटवलेली असल्याने ती उपटताना मोडली होती आणि तिचे पाय तेवढे चिखलात राहिले होते.

मी पुढे होण्याआधीच झेंडा चढला व अध्यक्षांचे भाषण सुरू झाले. शत्रूच्या गोळीला न जुमानता नदी ओलांडणारे आपले हवालदार, असे म्हणून त्यांनी व्हरांड्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मास्तर शाल उलगडून पुढे आले.

दाजी उठले. शालीकडे न जाता ते कुबडी टेकीत व्हरांड्यात आले आणि पाटावर वाकून पाहू लागले. माझे काम पुरे झालेले त्यांनी त्याआधी पाहिलेच नव्हते, मापे मात्र सर्व त्यांची होती. मग त्यांनी मला विचारले, "वकीलसाहेब, बाई कुठाय?"

मी मास्तरांकडे बोट दाखविले. मास्तर म्हणाले की ती शोभत नव्हती म्हणून काढून ठेवली आहे.

दाजींनी ते चारही शत्रू एकेक करून उचलले आणि अध्यक्षांच्या टेबलावर नीट ओळीने उभे केले. मग लोकांकडे वळून ते बोलले. आवाज त्यांनी चढविला नाही.

"गोळी न्हवती. गाडी व्हती, ही अशीच. पलीकडं शत्रू कुनी न्हवता. एक बाई व्हती, तिनं मला बुडू दिलं न्हाई. तिला काढून मला खुर्ची देत असाल, तर मी हुबाच बरा."

अध्यक्ष म्हणाले, "हवालदार, आता शाल घ्या आन् बसा. समारंभ खोळंबलाय."

"शाल र्‍हाऊ द्या," दाजी म्हणाले. "थंडी न्हाई."

कोणीतरी हसले, आणि मग टाळ्या वाजविणारेही काही निघाले. मुलांना बत्तासे वाटण्याचे काम लगेच सुरू करण्यात आले. मी पाटाचे एक टोक उचलले. दुसरे टोक उचलण्यास कोण येते म्हणून पाहतो तो बहीण. नदी सांडू नये असा पाट सपाट धरून ती चिखलातून दुकानापर्यंत आली.

मी बाई नवी केली. पहिलीसारखी जमली नाही, हिचे हात जाड झाले आहेत; दाजी म्हणतात, तिचेही जाडच होते. पाट आता सायकलच्या दुकानात फळीवर आहे. देहूरोडचे ड्रायव्हर तो पाहायला थांबतात. कमिटीला मात्र तो पाहण्याचे काही कारण पडले नाही. त्यानंतर मी कमिटीकडे दरवर्षी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, आणि उत्तर आलेले नाही. खुर्च्या पुन्हा तीनच झाल्या आहेत, व त्यांतल्या एका खुर्चीवरचे वृद्ध जवान गेल्या वर्षी वारले.

तरी वाचणाऱ्या सर्वांना पंच समजून, व प्रतिपक्षास शेवटची संधी म्हणून, माझी मागणी येथे नोंदवितो. सरकारची गाडी, सरकारचा हुकूम आणि आपली नदी, यांच्यामध्ये ज्याचा पाय गेला तो जवान आहे की नाही, याचे उत्तर कमिटीने द्यावे. आहे असे उत्तर असल्यास येत्या पंधरा ऑगस्टला त्याची खुर्ची इतरांच्या ओळीत मांडावी आणि जे घडले तेच भाषणात सांगावे. नाही असे उत्तर असल्यास तसे स्पष्ट लिहून अध्यक्ष व चिटणीस यांनी त्याखाली सही करावी, म्हणजे तो कागद दाजींच्या दुकानात पाटाशेजारी टांगता येईल. उत्तर लेखी असावे. तोंडी उत्तर एकदा ऐकले आहे, ते दुसऱ्यांदा ऐकून घेतले जाणार नाही.