काकांची विलायती गाडी

जुन्या वस्तूला जीवदान देण्यासारखं पुण्य नाही, असं माझे वकील काका म्हणत. सत्तरच्या दशकात त्यांनी वाडीच्या एका गोदामात वीस वर्षं पडून असलेली दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार घेतली आणि ट्रकवर चढवून घरी आणली. दसऱ्याला हिच्यातून कामठीला, म्हणजे सासुरवाडीला, जाईन असं त्यांनी मोहल्लाभर जाहीर केलं.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, आधी इंजिन खोलू द्या. ब्रेकही जाम हायेत."

"इंजिन कोणाले दिसते गा? आधी रंग मार."

तीन महिने रंगच चालला. त्यावर बोटं उमटतील म्हणून मिस्त्रीला बॉनेटला हात लावायचीही बंदी होती.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. चिरडण्यासाठी चारही चाकांपुढे लिंबं ठेवली. काका टाय लावून, गादीवर बसणाऱ्या राजपुत्राच्या थाटात आत बसले. किल्ली फिरवली, पण गाडी खोकलीसुद्धा नाही. मग सहा जणांनी धक्का मारला. चाकं तसूभर हलली नाहीत.

काकांना न्यायला कामठीहून आलेला मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही व्हा समोर. गाडी येते मांगून."

काका उतरले नाहीत. लिंबं अख्खीच होती. काकूने त्यांचं सरबत करून सगळ्यांना दिलं.