आधी फोटो, मग ताट

बेघर निवाऱ्यात काम करायला मन घट्ट लागतं, असं लोक मला सांगतात. मन कसलं, ओकारी दाबता आली पाहिजे. कोल्हापुरात ज्याला त्याला आपला वाढदिवस आमच्याच म्हाताऱ्यांच्या पंगतीत साजरा करायचा असतो. फेटा बांधून येतात, जिलेबी आणतात आणि स्वतःच्या थोबाडाचा भलामोठा बॅनर भिंतीला टांगतात. नियम एकच: आधी फोटो, मग ताट. भात निवला तरी चालेल, फोटोत सगळे आले पाहिजेत. नियम त्यांचा, पण तो राबवणारी मी. व्यवस्थापिका ना मी इथली!

आमच्याकडचे एक आजोबा आयुष्यभर कबनूरला यंत्रमागावर कामाला होते. मागाच्या खडखडाटानं कान अधू झालेले. चंदगडला दिलेल्या लेकीला त्यांनी सांगितलं होतं, की कागलच्या कारखान्यात वॉचमन आहे, राहायला खोली आहे. दर रविवारी मीच माझ्या मोबाईलवरून फोन लावून द्यायची. "व्हय, जेवलो की. खोली झ्याक हाय," ते ओरडून सांगायचे.

एकदा असाच एक फेटेवाला वाढदिवस साजरा करायला आला तेव्हा आजोबा माझ्याजवळ आले. त्यांना वाटलं आपण कुजबुजतोय, ऐकलं मात्र सगळ्या हॉलनं.

"मॅडम, मला फोटोत नगं. पोरीच्या सासरी कळंल."

फेटेवाला खो खो हसला. "आजोबा लाजाय लागल्यात बघा!"

त्यानं नव्या गाद्या कबूल केल्या होत्या. मी वैतागले होते. "कोण बघतंय तुमचा फोटो? बसा खाली," मी म्हणाले. ते बसले. फेटेवाल्यानं त्यांना उठवून पुढं बसवलं. हडकुळी माणसं फोटोत शोभतात.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लेक आली. फोटो निवाऱ्याच्या नावासकट फिरत फिरत तिच्या दिराच्या मोबाईलवर पोचला होता.

"आबा, हीच व्हय कागलची खोली?"

आजोबा चादरीची घडी उलगडून पुन्हा घालत राहिले. तिनं रडून घरी चला म्हणून विनवलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती गेल्यावर त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची चादर घडी करून ठेवलेली होती आणि ते नव्हते. आम्ही स्टँड पाहिला, रेल्वे स्टेशन पाहिलं, कबनूरला जाऊन आलो. सापडले नाहीत. या शोधात फोटो काढायला कुणी आलं नाही.

गाद्या मात्र आल्या. चांगल्या आहेत. मला फेटेवाल्याची किळस येते, पण तो बिचारा मूर्ख आहे. मला सगळं ठाऊक होतं. तो फोन मीच लावून देत होते.

रविवारी चंदगडहून फोन येतो. "आबा आलं का?" एवढंच ती विचारते.

काल पुन्हा एक वाढदिवस होता. माणसं बसली, बॅनर लागला.

"मॅडम, पुढं एक जागा मोकळी दिसतीया," फोटो काढणारा म्हणाला.

भात निवत होता. "जरा सरकून बसा," मी सगळ्यांना म्हणाले.