डावा कान

चिखलीच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी एक जवान बसला होता. सुट्टी संपवून परत निघालेला. स्फोटात त्याचा डावा कान अधू झाला होता आणि परवा मेडिकल बोर्डापुढे तपासणी होती. मी बोलले की तो माझ्या ओठांकडे टक लावून बघायचा.

“घरी पाठवलं तं करू काय, ताई? मले दुसरं काई येत नाई,” तो म्हणाला. मग जरा संकोचून, “मांगून हळूच काई बोलता का? पाह्यतो, आयकू येते का.”

त्यानं उजवा कान तळव्यानं घट्ट दाबला.

मी पाठीमागे उभी राहून समोरच्या बसच्या पाटीवरचं गावाचं नाव हळूच म्हटलं, “जानेफळ.” पुन्हा मोठ्यानं म्हटलं. बाकावरची माणसं वळून बघू लागली.

“बोला ना, ताई,” तो म्हणाला.

समोर जाऊन त्याला सांगायला माझा पाय उचलेना.