पाठिंब्याच्या कागदातले बैल

आमच्या हिंगोलीला शहर म्हणायची हिंमत पहिल्यांदा केली ती रेल्वेच्या एका साहेबानं. तोवर आम्ही स्वतःला गावच समजत होतो, आणि पावसाळ्यात रस्त्यांची दशा बघून तेही समजत नव्हतो. मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात हा साहेब आला. स्टेशनापासून बाजारातून धान्याच्या मोंढ्यापर्यंत आणि तिथून कापसाच्या जिनांपर्यंत फिरला, आणि 'शहरी रेल्वे' नावाची योजना कागदावर काढून गेला. लांबी सगळी मिळून दोन-अडीच मैल. पण तहसील कचेरीत तिचं नाव असं घेतलं जाई की ऐकणाऱ्यानं फक्त उठून उभं राहायचं बाकी असे.

मी तेव्हा कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. माझं उर्दू अक्षर तालुक्यात नावाजलेलं होतं, आणि ते नावाजण्याचं काम बरंचसं मीच करत होतो. कामगारांना संघ काढायला निजाम सरकारनं नुकतीच मोकळीक दिली होती, म्हणून गाडीवान आणि हमालांनी आपलाही एक संघ काढला. अध्यक्ष कोण, यावर वाद झाला नाही. मोंढ्यातले सगळ्यात जुने गाडीवान, ज्यांना हिंदू काय आणि मुसलमान काय, सगळे चाचाच म्हणत, ते झाले. सेक्रेटरी कोण, यावरही झाला नाही, कारण लिहिता येणारा मी एकटाच होतो. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती मी.

या लोकांचा एक कायदा होता, तो कुठल्याही कचेरीत लिहिलेला नव्हता. जिनाच्या फाटकाशी रुईच्या गाठी भरायला गाड्या पाळीनं लागत. कुणाला ताप आला, कुणाच्या घरी मौत झाली, तर तो आपल्या जुवाची खुंटी, म्हणजे शिवळ, रांगेत आणून ठेवी. दोन गाड्यांच्या मध्ये मातीत एक शिवळ उभी असली की समजायचं, इथं एक गाडी आहे. ती ओलांडून पुढं गेलेला माणूस मी बघितला नाही. कचेरीत वकील आणि मौलवींना एकमेकांना ढकलून आत शिरताना रोज बघत होतो, म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटे.

चाचांची लालकंधारी बैलजोडी साऱ्या मोंढ्याला ठाऊक होती. दोन्ही खोंडं त्यांनी स्वतः वाढवलेली. त्या जोडीवर चाची, विधवा लेक आणि तिची तीन लेकरं जगत होती. चाचांना दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

तर या योजनेला कामगारांचा पाठिंबा असल्याचा कागद वर पाठवायचा, असं कचेरीतून आलं. त्या काळी सभेला परवानगी लागे. गाऱ्हाण्याच्या सभेला परवानगी मिळेपर्यंत गाऱ्हाणं करणारा म्हातारा होई. या सभेची परवानगी मात्र सकाळी मागितली, दुपारी आली, आणि तिच्यासोबत कचेरीच्या दोन सतरंज्याही आल्या. सरकारी सतरंजीवर बसायला मिळालं म्हणून निम्मा संघ तिथंच रेल्वेच्या बाजूचा झाला.

एका हमालानं तेवढी शंका काढली. "डबे गावात आल्यावर मंग गाड्यांचं काय?"

चाचा हसले. "अरे, इंजन लांबच्या पल्ल्याचं जनावर हाय. गावातल्या गावात ते कशाला येईल? टेसनावर आपन काय बघून राहिलो? सुटा डबा बैलच वढतेत ना?"

"व्हय, बैलच वढतेत."

"मंग गावात बी बैलच वढतील. आज चिखलात चाकं रुततेत, बैलाच्या नाकातोंडात फेस येतो. रुळावर रुतनार न्हाई. जनावराची तकलीफ तं कमी व्हईल."

हे सगळ्यांना बराबर पटलं. मलाही पटलं, हे कबूल करतो. स्टेशनाच्या आवारात बैल डबे ओढतात हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पाळी कशी लावायची, डब्याला दोन जोड्या की तीन, यावरच मग दोन तास गेले. ठराव झाला: शहरी रेल्वेला संघाचा मनापासून पाठिंबा आहे, मात्र डबे ओढण्याचं काम संघाच्या बैलांना पाळीनं मिळावं. मी दोन पानांवर उर्दूत तो लिहिला. पहिल्या पानावर मजकूर आणि दुसऱ्यावर सगळ्यांचे अंगठे.

कागद घेऊन कचेरीत गेलो. तहसीलदारांच्या पेशकारांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मुन्शीजी, मुबारकबाद के कागज़ में ये बैल काहे को बाँध दिए?"

मी म्हटलं, संघाची अट आहे.

"अट का अर्ज अलग लिखिए. ऐसी सुंदर तहरीर हैदराबाद जाएगी, बड़े साहब देखेंगे. उसमें बैल अच्छे लगते हैं क्या?"

माणसाला विकत घ्यायला दर वेळी पैसा लागतो असं नाही. माझ्या अक्षराला सुंदर म्हटलं, आणि मी तिथल्या तिथं विकला गेलो. अंगठे दुसऱ्या पानावर होते, त्यामुळे अडचण नव्हतीच. मी लिंबाखाली येऊन पहिलं पान नव्यानं लिहिलं. बैल गेले, आणि त्या जागी तरक्की, खुशहाली आणि सरकारचा इकबाल असे तीन भारदस्त शब्द आले. बैलांचा अर्ज उद्या वेगळा लिहू, असं मी ठरवलं. तो उद्या काही उगवला नाही. चाचांना मी काही बोललो नाही.

पुढच्या वर्षी काम सुरू झालं. रूळ, लाकडी स्लीपर, खडी, सगळं वाहून नेलं ते आमच्याच गाड्यांनी, आणि तेही पाळीनं. आपल्या गळ्याला बांधायची दोरी माणसानं इतक्या आनंदात वळलेली मी दुसरीकडं पाहिली नाही. चाचा रोज संध्याकाळी रुळावरून हात फिरवत आणि म्हणत, "लोन्यावानी हाय. पोरांना वजनच लागनार न्हाई." पोरं म्हणजे बैल. मी मान डोलवत असे.

पहिले डबे यायच्या दिवशी गाडीवानांनी पोळ्यासारखे बैल सजवले. शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झुली. सगळ्यात पुढं चाचांची जोडी, मागं पाळीनं बाकीच्या, अशी रांग जिनाच्या फाटकापर्यंत गेली. तहसीलदार खुर्चीवर, पेशकार त्यांच्यामागं, आणि मी पेशकारांच्या मागं. एवढ्यात शिट्टी झाली. एक बुटकं, काळं इंजिन उलट्या तोंडानं डबे ढकलत बाजारातून आलं. बैल बुजले. झुली तुडवल्या, एक गाडी गटारात गेली. लोक पोट धरून हसले, आणि तहसीलदारही हसले. चाचा दोन्ही कासरे धरून तसेच उभे होते. मग कुणीतरी अध्यक्ष म्हणून त्यांच्या गळ्यात हार घातला, आणि तहसीलदारांनी कामगारांच्या उदार पाठिंब्याबद्दल भाषण केलं. त्यातली बरीच वाक्यं माझी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा लिंबाखाली आले. खाली बसले.

"सिक्रेटरी, त्या कागदाची नक्कल हाय ना तुमच्यापाशी?"

"आहे."

"वाचा बरं."

त्यांना वाचता येत नव्हतं, पण उर्दू चांगलं समजत होतं. मी खोटंही वाचू शकलो असतो. नसलेले बैल तोंडानं घालायला कितीसा वेळ? पण जीभ वळली नाही, आणि जे होतं ते मी वाचलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "बैल कुठं हायेत?"

मग मी सगळं सांगितलं. पेशकार, पान, वेगळा अर्ज, सगळं.

"मला काहून न्हाई इचारलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"व्हय," चाचा म्हणाले, "न्हाईच म्हनलो असतो." आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी मला शिवी दिली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

महिन्याभरात ती जोडी वसमतच्या बाजारात विकली गेली. चाचा त्या वयात पाठीवर गाठी घेऊन डबे भरायला लागले. बाकीच्याही गाड्या एकेक करून बिनकामाच्या उभ्या राहिल्या, आणि मग संघाची सभा झाली. या सभेला सतरंजी नव्हती. गाडीवान भडकले होते. कागदात नक्की काय लिहिलं होतं ते आज कळलंच पाहिजे, असं एकजण ओरडला, आणि सगळी तोंडं माझ्याकडं वळली. आता सांगून टाकावं, असं मला खरंच वाटलं. पण उठलो नाही.

चाचा उठले. "सिक्रेटरीनं बराबर लिव्हलं व्हतं. म्या त्यांच्यापाशी बसून वाचून घेतलं. आपले बैल कागदात व्हते. सरकारनं शब्द पाळला न्हाई."

अध्यक्षांचा शब्द म्हणजे विषय संपला. सरकारला यथेच्छ शिव्या झाल्या. मग एका भल्या माणसानं सुचवलं की सेक्रेटरीनं गरिबांची बाजू निर्भयपणे मांडली, तेव्हा संघानं त्यांचे आभार मानावेत. ठराव एकमतानं झाला. तो लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मी माझ्या त्याच सुंदर अक्षरात माझे आभार मानले, आणि कागद घेऊन चाचांपुढं बसलो.

"चाचा, खोटं काहून बोललात?" मी हळूच विचारलं.

"जोडी तं गेलीच," ते तितक्याच हळू म्हणाले. "आता ह्या लोकांचा कागदावरचा इस्वास बी घालवू का? उद्या पुन्हा अंगठा कोन लावंल?"

एवढं बोलून त्यांनी शाईत अंगठा बुडवला आणि विचारलं, "कुठं लावू?" मी जागा दाखवली. मजकूर न विचारताच त्यांनी तिथं अंगठा लावला.