लॅपटॉपमध्ये पाणी गेलं नव्हतं

माझं काम माल तपासायचं. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, ते खोक्यात भरायच्या आधी शेवटचे माझ्या टेबलावर येतात. माप बरोबर असेल तर हिरवं लेबल, नसेल तर लाल. बावीस वर्षं हेच करतोय. या कामाने एक वाईट खोड लागते. समोरचा माणूस काय बोलतो त्यापेक्षा कागदावर काय लिहिलंय ते खरं वाटायला लागतं. ऑपरेटर गळ्याची शपथ घेऊन सांगेल, मशीन बरोबर होतं हो, तरी मी म्हणणार, रिपोर्ट दाखव. कंपनीत ही खोड खपून जाते. मी ती घरी आणली आणि माझ्याच मुलीवर चालवली.

ती तेव्हा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्यासाठी नवा लॅपटॉप घेतला होता. दीड महिना नीट चालला, मग मधेच बंद पडायला लागला. कधी दहा मिनिटांत, कधी तासाभरात स्क्रीन एकदम काळी. वॉरंटी होती, म्हणून मी तो पिंपरीतल्या सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, तपासणीसाठी आठ दिवस ठेवावा लागेल. मी चहाच्या सुट्टीत होतो. एका हातात कप, दुसऱ्या हाताने उत्तर टाकलं, "चालतंय." आठ दिवसांनी गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी एक छापील कागद हातात दिला. आतल्या बोर्डात पाणी गेलंय, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.

तो कागद घेऊन मी दिघीला घरी आलो आणि मुलीला समोर बसवलं.

"पाणी कधी सांडलंस?"

"नाही सांडलं, पप्पा."

"मग चहा सांडला असेल."

"काहीच नाही सांडलं."

"मग हे काय त्यांनी स्वप्नात बघून लिहिलं? एवढी मोठी कंपनी खोटं लिहील का?"

ती तिसऱ्यांदा नाही म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "चूक झाली तर झाली, पण वर खोटं बोलू नकोस." बायको म्हणाली, "अहो, ती नाही म्हणतेय ना," तर तिच्यावरही खेकसलो. मुलगी उठून आत गेली. आज हे लिहितानाही मला माझी लाज वाटते, पण त्या दिवशी अजिबात वाटली नाही. मला वाटलं, बाप म्हणून मी बरोबरच वागलो.

पुढचे तीन आठवडे ती कॉलेजच्या लॅबमध्ये थांबून काम उरकायची आणि उशिराच्या बसने घरी यायची. माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी म्हटलं, चूक पकडली गेली म्हणून फुगलीय. मग मीच ठरवलं की हिच्यासमोर पुरावाच ठेवायचा, म्हणजे विषय संपेल. सर्व्हिस सेंटरला फोन करून पाणी गेल्याचा फोटो मागितला. चार-पाच फोन झाल्यावर त्यांनी पाठवला.

फोटोत बोर्डावर पांढरट डाग अगदी स्पष्ट दिसत होता. बोर्डाशेजारी त्यांची जॉब नंबरची चिठ्ठी ठेवलेली होती. आमच्याकडेही तसंच करतात, तुकडा आणि त्याची चिठ्ठी एकत्र असते. दुसरा कोणी असता तर त्याने डाग बघितला असता. माझी नजर आधी चिठ्ठीवर गेली, कारण एकाची चिठ्ठी दुसऱ्याला लागणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी भानगड. पाकिटातून पावती काढून नंबर ताडून बघितला. शेवटचे दोन आकडे वेगळे होते. तो लॅपटॉप आमचा नव्हताच. दुसऱ्याच कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पाणी गेलं होतं, आणि शिक्षा माझी पोरगी भोगत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन मुलीला फोटो दाखवला, म्हटलं, "बघ, दुसऱ्याचाच फोटो डकवलाय. आता सोडत नाही मी यांना." तिने फोटो बघितला. मग "बरं" म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मला तिचं ते "बरं" काही झेपलं नाही. मी इतका पेटलेला आणि हिला काहीच कसं वाटत नाही, असं वाटलं.

सर्व्हिस सेंटर चूक कबूल करायला तयार नव्हतं. म्हणून मी पुण्याला ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील लावला नाही. रविवारी बसून हाताने आठ पानं लिहिली, दोनदा खोडली, मग टाइप करून घेतली. आमच्या कंपनीत सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. सुपरवायझर म्हणायचा, "राव, एका लॅपटॉपसाठी किती रजा घालवणार? त्यापेक्षा वकिलीची सनदच काढा की." मी हसण्यावारी न्यायचो. मला नवा लॅपटॉप पाहिजे होताच, पण त्याहून जास्त पाहिजे होतं एक वाक्य. आमच्या लॅपटॉपमध्ये पाणी गेलं नव्हतं, एवढं कुणीतरी सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. तोवर मुलीला मी कंपनीतल्या एकाचा जुना लॅपटॉप आणून दिला. तो कढईसारखा तापायचा, पण तिने त्यावर भागवलं.

दोन तारखा नुसत्याच गेल्या. तिसऱ्या तारखेला समोरच्या लॅपटॉप कंपनीने इंग्रजीत लेखी म्हणणं दिलं. त्यात पाण्याचं होतंच, वर आणखी एक मुद्दा होता. तक्रारदाराने स्वतःच अमुक तारखेला लेखी कळवलं आहे की लॅपटॉप व्यवस्थित चालू आहे. मी चक्रावलो. असं मी कधी लिहिलं? मागे जोडलेला कागद बघितला तर माझा तो मेसेज. "चालतंय." कुठल्या तरी लांबच्या ऑफिसात मराठी न येणाऱ्या कुणीतरी त्याचं भाषांतर करून टाकलं होतं.

आयोगाच्या अध्यक्षा मॅडमनी विचारलं, "हा मेसेज तुमचाच?"

"माझाच, मॅडम. पण यांनी लॅपटॉप आठ दिवस ठेवू का म्हणून विचारलं, त्याचं ते उत्तर आहे. चालतंय म्हणजे आपली हरकत नाही."

कंपनीचा वकील तरुण होता, मराठीच होता. तो खाली बघत म्हणाला, "शब्दाचा सरळ अर्थ तोही होतो, मॅडम."

आता माझं डोकं फिरलं, पण आवाज खाली ठेवला. "मॅडम, लॅपटॉप तो असतो. तो चालतो. मला लॅपटॉपबद्दल सांगायचं असतं तर मी 'चालतोय' लिहिलं असतं. आमच्या लातूरकडे काय, इथे काय, लॅपटॉप चालतंय असं कुणी म्हणत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांना हसू आवरत नव्हतं. त्यांनी मुद्दा लिहून घेतला आणि वकिलाला पुढची तारीख सांगितली, महिनाअखेरची, जमेल का? वकील सवयीने म्हणाला, "चालेल, मॅडम." सगळी खोली हसली, तोसुद्धा हसला. बाहेर आल्यावर त्याने माझ्याशी हात मिळवला. मनाने वाईट नव्हता तो.

त्यानेच पुढच्या तारखेआधी जिन्यात गाठून निरोप दिला. "काका, कंपनी नवा लॅपटॉप द्यायला तयार आहे. तक्रार मागे घ्या, विषय संपवू."

"पाणी गेलं नव्हतं असं लिहून देणार का?"

"ते नाही देणार."

"मग जमत नाही."

घरी हे सांगितलं तेव्हा बायको भडकली. "पोरीला लॅपटॉप पाहिजे का तुम्हाला कागद पाहिजे? परीक्षा तोंडावर आलीय तिची." मी म्हटलं, हा कागद तिच्यासाठीच आहे, तुला नाही कळायचं. मुलगी तिथेच बसून भाजी निवडत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घालून निवडत राहिली.

निकाल लागायला एकूण चौदा महिने गेले. निकाल आमच्या बाजूने लागला. लॅपटॉप बदलून द्यायचा आदेश होता, आणि दुसऱ्या पानावर माझं वाक्य होतं: सामनेवाले यांनी तक्रारदाराच्या लॅपटॉपमध्ये पाणी गेल्याचे शाबीत केलेले नाही. त्या ओळीखाली मी पेनने रेघ मारली. परतीच्या बसमध्ये चारदा वाचलं. शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा दाखवलं.

संध्याकाळी मुलगी कॉलेजहून आली. हातपाय धुऊन बसली तसा तो कागद मी तिच्यापुढे ठेवला. तिने रेघ मारलेली ओळ वाचली.

"वाचलं?"

"हो."

"मग?"

"मग काय, पप्पा? हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मला वाटलं होतं, तिला आनंद होईल, गळ्यात पडेल. माझा पारा चढला. "वर्षभर खेटे घातले. सगळ्या रजा त्यात गेल्या. कुणासाठी?"

तिने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. आवाज चढवला नाही. "ते खोटं बोलले म्हणून तुम्ही त्यांच्याशी भांडलात. मला खोटारडी म्हणालात, त्याबद्दल तुम्ही अजून एक शब्द बोलला नाहीत. तुम्हाला फोटो बघून पटलं. मी सांगत होते तेव्हा नाही पटलं."

केस केली हीच माझी माफी, असं इतके दिवस माझ्या डोक्यात होतं. तिला ते कळलंय, असंही मी धरून चाललो होतो. जगाकडे लेखी मागत फिरलो आणि स्वतःच्या लेकीला तोंडी दोन शब्द दिले नाहीत. बायको दारात उभी होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकूच गेलं नाही. "काय?" तिने विचारलं. मग परत म्हणावं लागलं, नीट, तिच्याकडे बघून. "चुकलं माझं, बाळा. तू खरं बोलत होतीस आणि मी ऐकलं नाही."

ती रडायला लागली. चौदा महिन्यांचं सगळं एकदम बाहेर येत होतं. मी तिच्या शेजारी बसलो होतो, हाताच्या अंतरावर, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचं मला धाडस होत नव्हतं.